वरून उघडणारा ड्रायर

क्वेकर्स हिल, ४ मे

चि. चारुता,
अनेक आशीर्वाद.

सुनेला लिहिताना 'चि.'च्या पुढे 'सौ.' लिहायचं की नाही, या विचारात चहा गार झाला. शेवटी नुसतं 'चि.' ठेवलं. चिरंजीव तर तू राहणारच आहेस, त्याला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

थोडे दिवस फोन नकोत, असं तू म्हणालीस. मला राग आला नाही. फोनवर मला रडू येतं, मग तू 'आई, बेल वाजली' म्हणून ठेवून देतेस, आणि तुमच्या युनिटची बेल बिघडली आहे हे मला स्पृहाने केव्हाच सांगितलंय. त्यापेक्षा पत्र बरं. तू सावकाश वाचशील. नाही वाचलंस तरी मला कळणार नाही. सोबत मेतकूट आणि गोडा मसाला पाठवते आहे. टूवूंबात धुकं फार पडतं म्हणे, तर डबे घट्ट लाव.

आता काय लिहू? ड्रायरचंच लिहिते.

गेल्या आठवड्यात तो अडून बसला. आत माझे दोन पंजाबी ड्रेस आणि धवलचे शर्ट, आणि मध्येच वीज गेली. वीज आली, पण झाकण काही उघडेना. धवल ऑफिसात. मी झाकणावर थापट्या मारल्या, गोड बोलून पाहिलं, एकदा शिवीसुद्धा दिली. मग तू शिकवलेलं आठवलं. याचं पिंप आत आडवं फिरतं, आणि पिंपाच्या पोटाला असलेलं दार थांबताना बरोबर झाकणाखाली आलं तरच वरचं कुलूप सुटतं. बिचाऱ्याचं पोट खाली आणि पाठ वर अशी गत झाली होती. भिंतीवरचं बटण बंद केलं, थोडा वेळ जाऊ दिला, पुन्हा लावलं. पिंप म्हाताऱ्या माणसासारखं सावकाश कुशीवर वळलं, टक् झालं, आणि झाकण उघडलं.

मला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगायला हवं होतं. तुला सांगितलं.

माझ्या पाठीच्या ऑपरेशननंतर तू हा शोधायला किती हिंडलीस! सगळीकडे ते पुढून उघडणारे, गुडघ्यात वाकून आत डोकं घालायला लावणारे. तू पेनरिथच्या कुठल्याशा आजीकडून हा वरून उघडणारा आणलास. ती घर सोडून मुलीकडे चालली होती. धवल तेव्हा हसला होता, 'हा ड्रायर आहे की पेटारा?' म्हणून. मी मात्र त्या दिवसापासून कपड्यांसाठी वाकले नाही.

तू गेल्यापासूनच्या या आठ-नऊ महिन्यांत शेजारच्या घरात नवीन माणसं आली आहेत. ऑड्री आणि तिचा नवरा रुडॉल्फ. वसईची आहेत, आपलं मराठी बोलतात. त्यांच्याबद्दल पुढच्या वेळी.

स्पृहाला पापा.

आई

क्वेकर्स हिल, १८ मे

प्रिय चारुता,

मेतकूट पोचल्याचा तुझा मेसेज मिळाला. 'पोचलं. थँक्यू. वाचलं.' एवढे तीनच शब्द, पण तिसरा मी दोनदा वाचला.

इथे पाऊस हटत नाही. मागच्या दोरीवर चिमटे तेवढे वाळत घातलेत. अशा वेळी आपल्या पेटाऱ्याला उसंत नसते. आणि आता तर त्याला शेजाऱ्यांचंही काम लागलंय.

रुडॉल्फला अर्धांगवायू झाला आहे. मोठा बँक मॅनेजर होता ठाण्याला. मुलीने दोघांना इथे बोलावून घेतलं आणि वर्षाच्या आत हे झालं. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एकच शब्द शिल्लक आहे, 'आलो.' चहा हवा का? 'आलो.' दुखतंय का? 'आलो.' ऑड्री म्हणते, 'विनीता बाय, जन्मभर हाक मारली तर दुसऱ्या खोलीतून आलो आलो म्हणायचा आणि यायचा नाही. आता बघ, तेवढंच राहिलंय.' असं म्हणून ती हसते. मलाही हसू येतं.

मुलगी मेलबर्नला असते, महिन्याने येते. रोज पलंगपोस, चादरी, टॉवेल. ऑड्रीच्या घरी ड्रायर नाही. तिने ओल्या चादरी खुर्च्यांवर, दारांवर, रुडॉल्फच्या व्हीलचेअरवर पसरून ठेवल्या होत्या. घरात शिरले तर शिडाच्या गलबतात शिरल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, 'इकडे आण सगळं.' ती नको नको म्हणत होती. मी कुंपणावरून टोपली ओढूनच घेतली.

तर आता सकाळी आमचे कपडे आणि दुपारी त्यांचे. पिंपात कपडा जायचा थांबत नाही. तू सांगितल्याप्रमाणे दर खेपेला खालचा खण उघडून लिंट काढते. काय ग ते मऊ! कपड्यांची झिजलेली लव, पण हातात घेतली की सशाच्या पोटावर हात फिरवल्यासारखं वाटतं. रुडॉल्फच्या चादरींची निळी निघते. मागची नळीही भिंतीपासून ओढून झाडली. वाकून नाही, स्टुलावर बसून. तू रागावू नकोस.

त्याच्या हातापायाला मी तेल करून दिलंय. तिळाचं, ओवा आणि लसूण घालून. ऑड्री रोज चोळते. तू फिजिओ, तुला हसू येईल. पण तेल लागलं की तो डोळे मिटतो, आणि ऑड्री म्हणते, दिवसभरात तेवढाच वेळ त्याचा चेहरा सैल होतो. तुझ्या शास्त्रात त्याला काहीतरी नाव असेलच.

धवल बरा आहे. तू विचारलं नाहीस, मी सांगते आहे. रात्री जेवताना लॅपटॉप बंद ठेवतो. बोलत काही नाही, पण बंद ठेवतो.

तुमची
आई

क्वेकर्स हिल, २ जून

प्रिय चारुता,

आज थोडक्यात. अक्षर वाकडं आलंय तिकडे लक्ष देऊ नकोस. डाव्या हाताने लिहिते आहे. उजव्याला पोळ्या करताना जरा चटका बसला. काही विशेष नाही.

लाँड्रीच्या खोलीची भिंत रंगवायला काढली आहे, त्यामुळे घरात रंगाचा वास आहे. ड्रायर ठीक आहे.

स्पृहाला सांग, तिचा दात पडल्याचा फोटो मी फ्रीजवर लावला. या वेळी खाऊ पाठवायला जमलं नाही.

आई

क्वेकर्स हिल, ११ जून

प्रिय चारुता,

पोळ्या करताना नाही भाजलं. तुला ते आता माहीतच आहे. धवलने स्पृहाला फोनवर सांगितलं, तिने तुला सांगितलं, आणि तू फोन केलास. इतक्या वर्षांत तू माझ्यावर पहिल्यांदा ओरडलीस. 'आई, तुम्ही मला पत्रातून थापा मारता?' आणि मग तूच रडायला लागलीस. या वेळी बेल वाजली नाही.

तू सगळं नीट सांगा म्हणालीस. फोनवर मला जमलं नाही, आता सांगते.

त्या दिवशी ऑड्रीकडे दोन ओझी कपडे होते. आधी तेलाचे टॉवेल सुकवले. शेवटी ड्रायर नुसती गार हवा सोडतो ना, तेव्हा मला वाटलं, हा आता उगीच फिरतोय, चादरी थांबल्यात. मध्येच बंद केला. टॉवेल गरम होते तसेच घड्या घातल्या, एकावर एक दाबून प्लास्टिकच्या टोपलीत ठेवले, आणि चादरी लावल्या. मग जेवले आणि आडवी झाले.

झोपेत तीळ भाजल्याचा वास आला. छान वास होता, चारुता. मला वाटलं ऑड्री काहीतरी करतेय. कोल्हापूरला आत्याकडे संक्रांतीला यायचा तसा. मी पडूनच राहिले. मग तो करपायला लागला आणि त्याच वेळी छतावरचा अलार्म ओरडला.

लाँड्रीत धूर होता. टोपली बाहेरून जशीच्या तशी होती, मधले टॉवेल तेवढे तपकिरी. मी टोपली धरून उचलली. ती उचलायला नको होती. वारा लागला आणि ज्वाळ उठली. प्लास्टिक विरघळून बोटांना चिकटलं. पण दार जवळ होतं. मागचं दार ढोपराने उघडलं आणि टोपली गवतावर भिरकावली. तोवर ऑड्री कुंपणापलीकडून बागेचा पाइप घेऊन आली होती. तिने टोपली विझवली, मला भिजवलं, तिच्या स्वतःच्या खिडकीवरही पाणी मारलं. आणि आतून रुडॉल्फ जिवाच्या आकांताने ओरडत होता, 'आलो! आलो! आलो!'

तो आवाज माझ्या कानातून जात नाही. उठता येत नाही, आणि शब्द तेवढाच.

समोरच्यांनी फोन केल्यामुळे बंब आला. त्यातली एक मुलगी, तुझ्याहून लहान असेल, माझा हात नळाखाली धरून पायरीवर बसून राहिली. मी हात काढायला लागले की म्हणायची, 'नॉट येट, डार्ल.' तिने समजावून सांगितलं. तेल साध्या धुण्याने निघत नाही. गरम टॉवेल दाबून ठेवले की आतल्या आत तापत जातात आणि पेटतात. शेवटची गार हवा त्यासाठीच असते. तेलाचे टॉवेल ड्रायरमध्ये घालायचेच नाहीत. मी म्हटलं, 'ड्रायर गुड. मी बॅड.' ती हसली, म्हणाली, 'नो, नो. हॅपन्स ऑल द टाइम.'

भिंत काळी झाली, कपाटाचं एक दार गेलं. ड्रायरच्या झाकणाचा कोपरा पिवळा पडलाय, बाकी त्याला काही नाही. आतल्या चादरी निघाल्या तेव्हा स्वच्छ कोरड्या होत्या.

धवल आला. माझा हात पाहिला, भिंत पाहिली. बाहेर जाऊन गाडीत बसला, गाडी सुरू न करता. मी खिडकीतून बघत होते. कपाळ स्टिअरिंगला टेकलं होतं.

तुला खोटं लिहिलं, कारण तू लगेच निघून आली असतीस. तुझी नवीन नोकरी, स्पृहाची शाळा. आणि मी कोण म्हणून तुला बोलावणार, हेही होतं. ते फोनवर निघालंच. 'कोण म्हणून म्हणजे?' असं तू विचारलंस आणि उत्तर द्यायला मला वेळ दिला नाहीस. बरं केलंस.

बोटं सुधारत आहेत. हे पत्र उजव्या हाताचं आहे.

आई

क्वेकर्स हिल, २९ जून

प्रिय चारुता,

आता तुला एक मजा सांगते. तेव्हा मजा नव्हती.

काउन्सिलची गाडी जुनं सामान न्यायला येणार होती. ज्याला त्याला आपापला कचरा घरापुढच्या गवताच्या पट्टीवर ठेवायचा होता. शनिवारी मी देवळातून परत आले तर आपला ड्रायर पट्टीवर! मोडक्या खुर्चीशेजारी, गंजलेल्या बार्बेक्यूशेजारी, उघड्यावर. धवलने समोरच्या पोराच्या मदतीने बाहेर काढून ठेवला होता आणि स्वतः बाहेर निघून गेला होता.

मला तो एकटीने आत नेता येईना. मग मी स्वयंपाकघरातली खुर्ची आणली, शाल घेतली आणि ड्रायरशेजारी बसले. ऑड्रीने चहा आणून दिला. तीही थोडा वेळ बसली.

एक माणूस मागे उघडा हौदा असलेली यूट थांबवून उतरला. ड्रायरचं झाकण उघडून आत डोकावला.

'डझ इट वर्क, लव्ह?'

'व्हेरी वेल.'

'गिव्हिंग इट अवे?'

'नो. आय ॲम सिटिंग.'

त्याने माझ्याकडे पाहिलं, ड्रायरकडे पाहिलं, 'नो वरीज' म्हणाला आणि खुर्ची घेऊन गेला. मोडकी, माझी नव्हे.

संध्याकाळी धवल आला. गाडीतूनच ओरडला, 'आई, आत चल. लोक बघतायत.'

'बघू देत.'

'तुला त्याने जाळलं असतं.'

'त्याने नाही. मी घाई केली.'

'मग काय तुला बोलायचं मी? तुला पट्टीवर ठेवू?' असं म्हणाला आणि त्याचं त्यालाच हसू आलं. मग ते हसू बदललं. तो ऑफिसच्या पँटमध्ये तसाच फुटपाथच्या कडेवर बसला, माझ्या पायांपाशी, लहानपणी शाळेतून मार खाऊन यायचा तेव्हा बसायचा तसा.

'आगीमुळे नाही काढला,' तो म्हणाला. 'लाँड्रीत गेलो की हा दिसतो. मग डोक्यात येतं की तुझी पाठ किती दुखते ते तिला कळलं होतं. मी याच घरात राहत होतो आणि मला कळलं नव्हतं. मी पेटारा म्हणून हसलो. आणि तिचं काय दुखतंय, तेही नाही कळलं. ती सांगत होती बहुतेक.'

त्याच्या केसांवर हात ठेवायला गेले तर बँडेज मध्ये आलं.

हे मी तुला त्याची वकिली म्हणून लिहीत नाही. तुमच्यात काय तुटलं ते तुम्हाला माहीत. मी त्यात कधी डोकावले नाही, आता डोकावत नाही. पण तो माझ्यापाशी हे बोलला आणि तुझ्यापासून ते लपवून ठेवणं मला जमेना.

ड्रायर आत आणला. सध्या गराजमध्ये आहे, झाकणावर जुनी चादर घालून. तू सांग त्याचं काय करू. तुझी वस्तू आहे. स्पृहा म्हणाली की सकाळी धुकं असलं की तिचा युनिफॉर्म वाळत नाही आणि तू हेअर ड्रायरने बाह्या सुकवतेस. मुलीला ओल्या कॉलरने शाळेत पाठवायचं आणि इथे हा चादर पांघरून बसलाय, हे मला सहन होत नाही. धवल म्हणतो ट्रकने पाठवता येईल. हो म्हण.

आई

क्वेकर्स हिल, २० जुलै

प्रिय चारुता,

तुझं पत्र आलं. खरंखुरं पत्र, पाकिटात, तिकीट लावून! मी ते पोस्टाच्या पेटीपाशीच उभी राहून वाचलं. मग ऑड्रीकडे गेले, तिला तुझं अक्षर दाखवलं. ती म्हणाली, 'डॉक्टरसारखं आहे, काही कळत नाही.' मला सगळं कळलं.

तू लिहिलंस, 'ड्रायर नको. तो ऑड्री मावशींना द्या, त्यांना रोज लागतो. मला तुम्ही हव्यात. माझ्या शिफ्ट बदलल्या आहेत, स्पृहा शाळेतून रिकाम्या घरी येते. पण मी त्यासाठी बोलावत नाही, आफ्टर स्कूल केअर मिळेल. तुम्ही या.'

पहिलं वाक्य वाचून मला वाईट वाटलं होतं, क्षणभरच.

ड्रायरचं आधी सांगते, ते सोपं आहे. धवलने तो ऑड्रीच्या घरी नेऊन बसवला. भिंतीतून नळी काढायला भोक पाडावं लागलं, त्यासाठी रीतसर माणूस बोलावला. पहिल्यांदा लावला तेव्हा रुडॉल्फला व्हीलचेअरवरून लाँड्रीच्या दारात आणलं. पिंप थांबलं, झाकण टक् करून सुटलं, ऑड्रीने आतून चादर काढली आणि तशीच गरम गरम त्याच्या मांडीवर पसरली. त्याने डावा हात तिच्यात खुपसला आणि बराच वेळ काढलाच नाही. तेलाचे टॉवेल आता वेगळे, बादलीत, उन्हातच वाळतात. ऑड्रीने भिंतीवर कागद चिकटवलाय: 'विनीता बायला घाई करू देऊ नये.'

आता दुसरं. ते सोपं नाही.

मी धवलला कसं सांगू, यात चार दिवस गेले. तू गेलीस, स्पृहा गेली, आता मीही. घरात एक माणूस आणि तीन बेडरूम. मी तुला 'नाही जमणार' असं लिहूनही टाकलं होतं. ते पत्र फाडलं. मग जेवताना सरळ तुझं पत्र त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. तुझी परवानगी घेतली नाही, माफ कर.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. विचारलं, 'तुला जायचंय?'

मी म्हटलं, 'तू एकटा...'

'मी काय विचारलं?'

'हो,' म्हटलं. 'जायचंय.'

तो थोडा वेळ वरणभात कालवत राहिला. मग म्हणाला, 'विमानात पाठ दुखेल तुझी. मी गाडीने सोडतो. टॅमवर्थला मुक्काम करू.' आणि उठून ताट धुवायला गेला. नळ बराच वेळ चालू होता.

दोन ऑगस्टला निघतो. तो मला दारापर्यंत सोडेल, आत येईल की नाही ते माहीत नाही. त्याला बोलावू नकोस, अडवूही नकोस. चहा मात्र तयार ठेव, माझ्यासाठी म्हणून.

येतेच आहे.

आई

टूवूंबा, ३१ ऑगस्ट

चि. धवल,
अनेक आशीर्वाद.

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तू कायम माझ्यापाशी होतास, कधी लिहावंच लागलं नाही. फोनवर तू 'मी मस्त, तू कशी?' एवढंच म्हणतोस, म्हणून म्हटलं लिहावं. चारुताला लिहून लिहून हात बसलाय.

तू मला सोडायला आलास आणि चहा पिऊन गेलास त्या संध्याकाळी स्पृहा तुझा कप धुवू देईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तिच्या नकळत धुतला. तिला सांगू नकोस.

इथे बरं आहे. थंडी कोरडी पडली की कपडे बाल्कनीत कडकडीत वाळतात. धुकं असलं की हीटरपुढे कपडे वाळवायचा स्टँड लावते. शाळा जवळ आहे, मी स्पृहाला आणायला चालत जाते. वाटेत ती मला इंग्रजीत सगळं सांगते आणि मी मराठीत उत्तरं देते, कुणाचंच काही अडत नाही. कुठेही लांब जायचं तर मात्र चारुताची गाडी लागते. बस म्हणजे इथे नुसती ऐकीव गोष्ट.

चारुता मला रोज वाकायला शिकवते. खरंच! सकाळी डबा भरायच्या आधी ओट्याला धरून उभी करते, 'आई, पाठ नाही, कंबर. पोट आत.' काल जमिनीवर पडलेला मोजा मी स्वतः उचलला. दोघी मायलेकींनी टाळ्या वाजवल्या. मोजा हातात घेऊन मी उभी, काय करावं कळेना.

तू दर शनिवारी ऑड्रीकडे जाऊन लिंटचा खण साफ करतोस, हे तिने मला फोनवर सांगितलं. तू काही बोलला नाहीस. ती म्हणते, तू रुडॉल्फशी क्रिकेट बघत बसतोस, आणि विकेट पडली की तो 'आलो' म्हणतो आणि तू 'जा' म्हणतोस. हे तुला कुठून सुचलं रे? माझा मुलगा इतका विनोदी आहे हे मला शेजारणीकडून कळतं.

परवा हात दाखवायला इथल्या डॉक्टरांकडे गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी चारुताला विचारलं, 'आर यू द डॉटर?' मी खाली माझ्या चपलांकडे बघत होते. 'डॉटर-इन-लॉ?' बाईंनी विचारलं. चारुता म्हणाली, 'शी इज विथ मी.' बाईंनी तेवढंच लिहून घेतलं असावं, पुढे काही विचारलं नाही.

आता जे सांगण्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. पुढच्या आठवड्यात तुला वकिलाचे कागद येतील. ती गेली त्याला वर्ष झालं, आता घटस्फोटाचा अर्ज करता येतो. तिने मला आधी सांगितलं. रात्री नाही, रविवारी भरदुपारी, माझ्यासमोर बसून, माझा हात धरून. 'तुम्हाला दुसऱ्याकडून कळायला नको, आई.' मी तिला अडवलं नाही. तू मला विचारशील, 'तू तिथे राहून काही बोलली नाहीस?' नाही बोलले. तुम्ही दोघं परत एका घरात राहावं, असं मला पूर्वी रोज वाटायचं. आता नाही वाटत. ती इथे मोकळा श्वास घेते. आणि तू त्या पट्टीवर माझ्या पायांपाशी बसून जे बोललास ना, त्यानंतर तूही जरा घेतोस असं मला वाटतं. सही कर, बाळा. वाईट वाटेल ते वाटू दे, पण कर.

मी दिवाळीपर्यंत इथे आहे. मग तुझ्याकडे येईन, मग पुन्हा इकडे. म्हातारपणी दोन घरं झाली माझी. लोकांना एक मिळत नाही.

सप्टेंबरच्या सुट्टीत इथे फुलांचा मोठा उत्सव असतो, सगळं गाव नटतं म्हणे. स्पृहाला तू यायला हवा आहेस. तिने शाळेच्या मिरवणुकीसाठी सूर्यफुलाची टोपी केली आहे, ती टोपी म्हणून ओळखू येत नाही, पण तू ओळख. मी चारुताला भीत भीतच विचारलं, धवल आला तर चालेल का? ती भाजी निवडत होती. मान वर केली नाही. म्हणाली, 'राहायला मोटेलमध्ये राहू दे.' बराच वेळ देठ मोडत राहिली. मग म्हणाली, 'जेवायला इथेच येईल ना? काय करायचं त्याच्यासाठी?'

मी म्हटलं, भरली वांगी.

तर तसं कळव.

तुझी
आई